आधी बटन, मग चप्पल

काकू कोणाच्याही घरी आल्या की त्यांचा हात आधी दाराजवळच्या बटनाकडे जायचा. चपला काढायच्या त्या नंतर. "बाहेर काय उजेड कमी हाय का? काहून लावली गा ट्यूब?" एवढं म्हणून ट्यूब बंद, आणि मग "पानी दे गा थंड." अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. नसेल, तर तुमचं थोडं नुकसानच झालं म्हणायचं.

मी नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीचं काम घरूनच करतो. एकदा भर मीटिंगमध्ये पडद्यावर आमच्या साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मागं वळून पाहतो तर काकू राउटरचं बटन बंद करून समाधानानं उभ्या. "कोनी पाहून नाई राहिलं, अन् हे उगाच लुकलुकून राहिलं," त्या म्हणाल्या. साहेबांना मी वीज गेल्याचं कळवलं. तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

आम्ही काकूंची थट्टा करायचो आणि त्यांनाही ती आवडायची. त्यांचे यजमान औष्णिक वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. काकूंचा सगळा संसार तिथल्या वसाहतीत झाला. धुतलेलं धोतर असो की वाळत घातलेल्या कुरडया, सगळ्यावर राखेचा हात फिरायचा. यजमान गेल्यावर त्या आमच्या गल्लीत राहायला आल्या आणि पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घातल्या. वाळल्या तेव्हा ताट घेऊन घरोघर फिरल्या. "पाह्य, कशा पांढऱ्या निंगाल्या." आम्हाला वाटलं वाटायला आल्या. त्या नुसत्या दाखवायला आल्या होत्या.

"वीज काय आभाळातून येते का?" त्या म्हणायच्या. "कोनाच्या तरी वाळवनावर राख पडते, तवा तुमचा पंखा फिरते."

मग तो उन्हाळा आला. कूलर तर घरोघरी होतेच, त्यात एसींची भर पडली आणि गल्लीच्या टोकाची डीपी, म्हणजे आम्हा सगळ्यांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, भर दुपारी मान टाकू लागली. नागपूरची मे महिन्याची दुपार काय असते ते मी सांगायला नको. पण आमची नुसती तगमग व्हायची. काकूंच्या शेजारच्या, कोपऱ्यावरच्या गुरुजींचा श्वासच विजेवर होता. त्यांची फुप्फुसं थकली होती आणि ते घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर असायचे. सोबत सिलिंडर होता, पण तो फार वेळ पुरत नसे. एके दिवशी वीज लवकर आलीच नाही. सिलिंडर संपत आला, गुरुजींचे ओठ निळे पडले आणि त्यांच्या पत्नी दारात येऊन नुसत्या रस्त्याकडे बघत राहिल्या. वीज आली, मशीन सुरू झालं, तेव्हा कुठं त्यांच्या ओठांवर रंग परतला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढताच काकू दारोदार आल्या. "आपापले कूलर बंद करा अन् माह्या घरी या. एका कूलरमंदी समदे मावतो."

आणि आम्ही मावलो. ओल्या वाळ्याचा वास, खाली चटया, कोणी गहू निवडतंय, कोणी घोरतंय, कोपऱ्यात मी लॅपटॉप घेऊन. खरं सांगतो, इतक्या सुखाच्या दुपारी मला माझ्या स्वतःच्या घरात मिळाल्या नव्हत्या.

एकटे समोरचे वकीलसाहेब येईनात. त्यांच्याकडे दोन नवे एसी होते. "माझ्या घरात काय चालवायचं ते मी ठरवीन, काकू," ते म्हणाले.

"बराबर हाय जी," काकू म्हणाल्या आणि परत आल्या.

पण पुढच्या दुपारी त्यांनी स्वतःचा कूलर बंद केला आणि चटया, पापडाचं पीठ, पोळपाट आणि आम्ही सगळे, अशी वरात वकीलसाहेबांच्या हॉलमध्ये नेली. "बंद नोका करू जी," त्या म्हणाल्या. "तुमचाच राहू द्या चालू. आमीच बंद करून आलो."

कोर्टात कधी न अडणारे वकीलसाहेब तिथं अडले. ते तडक बेडरूममध्ये गेले, तिथला एसी लावून बसले. पण बाहेर त्यांची बायको इतकी हसत होती की त्यांना बघायला यावंच लागलं. जरा वेळानं ते पापड लाटत होते. त्यांचा एकही पापड गोल झाला नाही. बेडरूममधला एसी तेवढा चालूच राहिला होता. काकू उठल्या आणि बंद करून आल्या.

त्यानंतर डीपीनं उन्हाळाभर दगा दिला नाही. संध्याकाळी काकू कोपऱ्यावर जाऊन खिडकीतून विचारायच्या, "चालून राहिलं ना जी?" गुरुजी आतून हात वर करायचे.

पुढं मोठी डीपी बसली. आता सगळ्यांनी सगळं लावलं तरी चालत होतं. तरी दुपार झाली की चटया वकीलसाहेबांकडेच जायच्या.

यंदा ऊन तापायला लागलं आणि काकू गेल्या. फारसं आजारपण नाही, कोणाला त्रास नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. जिथं त्यांना निजवलं होतं तिथं तेलाचा दिवा लावला होता. बाहेरगावचे पाहुणे जमले होते. भर दुपारी दोन्ही ट्यूब लागलेल्या, कूलर जोरात, आणि त्या वाऱ्यात दिव्याची ज्योत नुसती लोळत होती. मला ते बघवेना, पण दुसऱ्याच्या घरात बोलायचं कसं?

तेवढ्यात दारात वकीलसाहेब आले. चपला पायातच होत्या. त्यांचा हात आधी बटनाकडे गेला.

"काहून लावली गा ट्यूब?" ते म्हणाले. जन्मात कधी असं न बोललेला माणूस. त्यांनी ट्यूब बंद केल्या, कूलरही बंद केला आणि मग खाली वाकून चपला काढल्या.

ज्योत सरळ उभी राहिली. खोली शांत झाली, आणि कोपऱ्यावरून गुरुजींच्या मशीनची घरघर ऐकू येऊ लागली.