कुठले बाबा?

“हार्ट ठणठणीत आहे. हा पॅनिक डिसऑर्डर आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि मला हायसं वाटण्याऐवजी लाज वाटली. पॅनिक अटॅक म्हणजे धोका समोर नसताना शरीरानं धोक्याची घंटा वाजवणं. छाती आवळते, हातांना मुंग्या येतात, आता आपण मरणार असं वाटतं. ईसीजी, टूडी इको, रक्त, सगळं नॉर्मल. बाहेर बसलेल्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, “नॉर्मल हाय ना? मग रडायलीस कशाला?”

धोका समोर नव्हता, हे मात्र खोटं. मी चितेगावच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. नव्या मॅनेजरनं भर मीटिंगमध्ये माझा रिपोर्ट हातात धरून विचारलं होतं, “डिग्री कोट्यातली का?” सगळे हसले. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्येच पहिला अटॅक आला.

गोळ्यांनी झोप लागू लागली. सोबत सायकोथेरपी, म्हणजे बोलून करायचा उपचार, सुचवली गेली. सिडकोतल्या एका थेरपिस्ट मॅडमना मी पहिल्याच भेटीत म्हणाले, “मी तिथं गप बसले. आता बाबांना काय तोंड दाखवू?”

त्या एका वाक्यावर मॅडमनी सगळा उपचार उभा केला. मॅनेजर नुसतं निमित्त, खरी भीती वडिलांची. याला ट्रान्सफरन्स म्हणतात, जुन्या माणसाबद्दलची भावना नव्यावर चिकटवणं. मी म्हणाले, तसं नाही, तो खरंच तसं बोलला. त्यावर दुसरा शब्द आला, रेझिस्टन्स. सत्य झोंबतं म्हणून मन ते नाकारतं. म्हणजे मी हो म्हटलं तर मॅडम बरोबर, नाही म्हटलं तर जास्तच बरोबर. अशी कायम पॉझिटिव्ह येणारी टेस्ट मी लॅबमध्ये वापरली असती, तर मला घरी बसवलं असतं.

पण आजारी माणूस विश्वास ठेवतो. एका संध्याकाळी अण्णा मेथी निवडत होते, तेव्हा मी विचारलं, “मी लहान असताना तुम्ही मला मारायचे का? मला आठवत नाही.”

त्यांनी जुडी खाली ठेवली. “म्या तुला कवा हात लावला गं, माय?” मग जुडी परत उचलत, “लावला आसंल तर सांग. मला याद नाय.”

त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला होता. ते मला सहन झालं नाही.

इतके दिवस मॅडम ‘वडील’ म्हणत. पुढच्या भेटीत त्या पहिल्यांदाच ‘तुमचे बाबा’ म्हणाल्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “कुठले बाबा? वडलांना मी अण्णा म्हणते!” आमच्या बौद्ध घरात बाबा एकच, भिंतीवरचे, निळ्या कोटातले, ज्यांच्यामुळं माझ्या हाती ती डिग्री आली. अपमान गिळून घरी आले आणि त्या फोटोकडं बघवेना, एवढंच मला सांगायचं होतं.

मॅडम म्हणाल्या, “तेही एका अर्थी वडीलच, नाही का?”

मी पर्स उचलली आणि निघाले.

थेरपी घेऊ नका, असं मी कुणालाही सांगणार नाही. मी दुसऱ्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी आधी विचारलं, “तो मॅनेजर अजून तिथंच आहे का?” त्या साध्या प्रश्नाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मॅनेजर तिथंच आहे. मी लेखी तक्रार दिली आहे, आणि मीही तिथंच आहे. तुमच्या दुःखाचा अर्थ लावणाऱ्यानं आधी तुमच्या शब्दाचा अर्थ विचारला का, एवढं मात्र बघा.

अटॅक आता येत नाहीत. अण्णा मात्र माझ्या खोलीत येताना उघडं दारसुद्धा वाजवून येतात.