गाडीखालचा उर्दू पेपर

बावीस वर्षं तालुक्याच्या बातम्या देतोय. दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय एक ओळ पुढं पाठवलेली नाही. भूतबाधेच्या बातम्या आल्या, तेव्हा त्याही पडताळल्या आणि टोपलीत टाकल्या. त्यामुळं हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. घडलं तेवढंच सांगतो.

आमचं घर जळकोटला, हायवेपासून आत. पुढं फरशीचं अंगण, लोखंडी गेट. अंगणात अब्बांची छोटी पांढरी गाडी. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहितो.

अब्बा त्या गाडीचा फार लाड करायचे. त्यांचा एक नेम होता. वाचून झालेला उर्दू पेपर संध्याकाळी इंजिनाखाली पसरायचा आणि सकाळी चहाच्या आधी वाकून बघायचा. कोरडा असला तर "बेगम, चाय". ओला असला तर डाग कशाचा, ऑइलचा की इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटचा, हे बोटानं चोळून ठरवायचे. "वॉटर पंप एकदम जात नाही," म्हणायचे, "आधी थेंब थेंब रडतो. बघणारा पाहिजे." गुडघे दुखायचे, तरी वाकायचे. रुबीना, माझी धाकटी बहीण, चिडवायची, "अब्बा, मला ताप आला तर एवढं बघत नाही तुम्ही."

अब्बा गेले. उर्दू पेपर बंद झाला. घरात तो वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मी मराठी शाळेचा, अम्मीची नजर अधू. गाडी मी चालवत होतो. खाली पेपर टाकायचं मात्र डोक्यात आलं नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट. मे महिना. रुबीना बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले. डॉक्टरांनी सोलापूरला दाखल व्हायला सांगितलं होतं. सकाळी उन्हं चढायच्या आत निघायचं ठरलं. पिशव्या घेऊन मी बाहेर आलो...

इंजिनाखाली पेपर पसरलेला होता. उर्दू. चारी कोपऱ्यांवर खडे, अब्बा ठेवायचे तसे. मधोमध हिरवट ओला डाग.

आधी वाटलं, एसीचं पाणी असेल. पण त्याला रंग नसतो, आणि हे बोटाला बुळबुळीत लागत होतं. कूलंटच. मग पेपरची तारीख बघितली, ती इंग्रजी आकड्यांत असते. त्याच दिवशीची होती. गेटला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात.

बाबू मिस्त्रीला बोलावलं. त्याचं गॅरेज जवळच आहे. त्यानं पट्टा ढिला केला, पंपाची पुली धरून हलवली. पुली डुगडुगली.

"भाई, सील गेलीय, बेअरिंग बी गेलंय," तो म्हणाला. "नळदुर्गच्या घाटात जाम झाला असता पंप. या उन्हात, ताईंना घेऊन... कुणी बघितलं हे?"

मी रुबीनाकडं गेलो. दुसरी गाडी ठरवू म्हटलं, तर रुबीना ऐकेना. कळा सुरू नव्हत्या आणि तिला अब्बांच्याच गाडीतून जायचं होतं. मिस्त्रीकडं पंप होता. त्यानं कूलंट काढून घेतलं, जुना पंप उतरवला, सांध्यातलं जुनं गास्केट खरवडून जागा साफ केली, नवा बसवला. कूलंट भरून इंजिन चालू ठेवलं, आत अडकलेली हवा काढली. कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली गेली, ती पुन्हा भरली. दुपारी निघालो. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. रात्री रुबीनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

परत आल्यावर मी माझं काम केलं. पेपरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या वडिलांचा एकच अंक यायचा, तो बंद केल्यापासून गावात उर्दू पेपर येत नाही. शेजारी विचारलं, मशिदीत विचारलं, स्टँडवर विचारलं. कुणी आणला नव्हता, कुणी टाकला नव्हता. एखाद्या प्रवाशाचा पेपर उडून आला म्हणावं, तर चार खडे कुणी ठेवले?

अम्मीनं तेवढी चौकशी केली नाही. तिनं तो पेपर दोरीवर वाळवला, घडी घालून अब्बांच्या चष्म्याखाली ठेवला आणि मलाच बोलली.

"वर्ष झालं, तुला एक कागद टाकायचं सुचलं नाही. त्यांनाच वाकायला लावलंस. गुडघे किती दुखतात त्यांचे, ठाऊक आहे ना?"

"अम्मी, असं काही नसतं," मी म्हणालो.

"नसू दे. तू टाकत जा."

 पडताळायला दुसरं ठिकाण सापडलं नाही, म्हणून ही बातमी मी कधी दिली नाही. पण रोज संध्याकाळी माझा मराठी पेपर इंजिनाखाली पसरतो, कोपऱ्यांवर चार खडे ठेवतो. सकाळी अम्मी आतून विचारते, "कोरडा आहे का?" मी हो म्हणतो. मग ती अब्बांच्या फोटोकडं बघून सांगते, "बसा आता निवांत."