घारींची पंगत

“दोन म्हणजे दोन. पावणेदोन नाही, सव्वादोन नाही.”

हे वाक्य म्हातारबांच्या तोंडून दिवसाकाठी आठदहा वेळा तरी बाहेर पडायचं. कुणी वेळ विचारली तरी, न विचारली तरी. म्हणून आसपासच्या गावांत सगळे त्यांना ‘दोनवाजे’ म्हणत. नवा पोस्टमन तर ते त्यांचं आडनावच समजला आणि चार वर्षं दारात उभा राहून त्याच नावाने हाका मारत आला. त्यांनी त्याची चूक कधी सुधारली नाही. बापाने ठेवलेल्या नावापेक्षा हे आपल्याला जास्त शोभतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

जन्म गेला रेल्वेच्या फाटकावर. डोंगराच्या पायथ्याशी एक रूळ, एक फाटक, एक खोली आणि खोलीत एक घड्याळ. दोनची गाडी यायची म्हणून पावणेदोनला फाटक लावायचं आणि वाट बघत बसायचं. एकतीस वर्षांत ती गाडी एकदाही दोनला आली नाही. कधी तीनला आली, कधी पाचला, एकदा तर दुसऱ्या दिवशी सकाळी. फाटकाच्या दोन्ही बाजूंनी लोक शिव्या द्यायचे आणि दोनवाजे मान खाली घालून घड्याळाला किल्ली द्यायचे. शेवटी तो रूळच बंद झाला. नोकरी सुटल्यावर आठवड्याभराने ते दुपारी पायरीवर डबा उघडून बसले होते, तर वरून एक घार आली आणि हातातला घास उचलून गेली. त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी त्यांनी घास हातात धरूनच ठेवला.

“आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वेळेवर आलं गं,” असं ते लेकीला म्हणाले.

त्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली होती. घरामागच्या टेकडीवर एक सपाट खडक होता. तिथे रोज दोनला घारी जेवायच्या. गावातला खाटीक उरलेले तुकडे निळ्या टबात भरून ठेवायचा, दोनवाजे तो टब एकचाकी ढकलगाडीवर घालून टेकडी चढायचे आणि फावड्याने एकेक तुकडा आभाळाकडे उडवायचे. डोंगरातून वळणं घेत जाणारा रस्ता तिथूनच जातो, त्यामुळे हिंडायला निघालेल्या मोटारी थांबायला लागल्या. माणसांसाठी त्यांनी फळ्यांची शेड बांधली, पुढच्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर लांब फट ठेवली. रस्त्यावर पाटी लावली : ‘घारींचे जेवण रोज दोन वाजता. माणसांनी आपापले आणावे.’

आता एक बारीकशी गोष्ट. इंजिनांच्या शिट्ट्यांनी दोनवाज्यांचे कान अर्धेमुर्धे गेले होते. माणसांचं बोलणं त्यांना चांगलं ऐकू यायचं, पण जगात बारीक, चिरका आवाज म्हणून काही असतो हे ते विसरले होते. किटली चुलीवर बोंबलून बोंबलून कोरडी व्हायची आणि ते शेजारी पेपर वाचत बसलेले असायचे.

त्या दिवशी घरात जावई होता. लग्नाला सात महिने झालेले, सासुरवाडीला चार दिवस राहायची पहिलीच खेप. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. त्याला एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे कुरकुर. कुठे काही करकरलं की त्याचा हात आपोआप खिशातल्या तेलाच्या कुपीकडे जायचा. स्वतःच्या लग्नात अंगठी घालायच्या आधी त्याने हॉलच्या तीन दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. सासऱ्यांनी आपल्याला अजून मनापासून ‘शाब्बास’ म्हटलेलं नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. आदल्या दिवशी त्याने ती ढकलगाडी टेकडी चढताना ऐकली होती. मांजराच्या शेपटीवर पाय द्यावा आणि काढूच नये, असा तो आवाज.

सकाळी सहाला उठून त्याने चाक सोडवलं, गंज खरवडला, नवं बेअरिंग बसवलं, ग्रीस भरलं. चाक बोटाने फिरवलं तर नुसतं हवेसारखं फिरलं. कुणाला काही बोलला नाही. म्हटलं, दुपारी आपोआप कळेल.

दिवसही महत्त्वाचा होता. दोनवाज्यांची थोरली बहीण, अक्का, आज पहिल्यांदाच घारी बघायला येणार होती. वडिलांनी वाटणी करताना घर भावाला दिलं आणि टेकडी बहिणीला. टेकडीवरून दरी छान दिसते, म्हणून एका हॉटेलवाल्याला ती हवी होती आणि त्याचा कागद अक्काच्या पर्समध्ये तयार होता. भावाला ती फोनवर म्हणाली होती, “तुझ्या पाखरांना एकदा बघते. बघण्यासारखं काही असेल तर ठीक, नाहीतर संध्याकाळी सही करते.” अक्का एकेकाळी शाळेत हेडमास्तरीण होत्या. त्यांच्या शब्दाला खोडरबर नव्हता.

लेक मोटार घेऊन त्यांना आणायला गेली होती. दोनला दहा कमी असताना दोघी शेडमध्ये पोहोचल्या. घाटाची वळणं लागल्यामुळे अक्कांचा चेहरा पालकाच्या रंगाचा झाला होता. शेडमध्ये जावई आधीच येऊन बसला होता, आणि आणखी एकच गृहस्थ होता, पन्हाळीएवढा लांब कॅमेरा घेऊन बसलेला. अक्कांनी चष्मा पुसला, वही काढली, पेन्सिलीला टोक केलं.

“गुंड्या कुठाय?” त्यांनी भावाला लहानपणीच्या नावाने विचारलं.

“येतायत बाबा,” लेक म्हणाली.

दोनवाजे आले. इस्त्रीचा शर्ट, जुन्या नोकरीची टोपी, पुढे गाडी. गाडी कशी, तर तरंगत आल्यासारखी. खडकाशी थांबून त्यांनी घड्याळ पाहिलं, फावडं उचललं आणि वर बघितलं.

वर काही नव्हतं. म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही. खूप उंचावर काही ठिपके आळसावल्यासारखे फिरत होते.

“चार,” अक्कांनी वहीत लिहिलं. “त्यातला एक बहुतेक ढग आहे.”

दोन वाजून एक मिनिट झालं. दोन वाजून तीन झाले. दोनवाज्यांनी एक तुकडा उडवला. तो वर गेला, थोडा थांबला आणि थपकन खाली पडला. त्यांनी तो उचलून पुन्हा उडवला. पुन्हा थपकन. एकतीस वर्षं फाटकावर जशी मान खाली जायची, तशी ती हळूहळू जायला लागली. जावयाला ते फटीतून बघवेना.

“आज गाडी इतकी गप्प कशी?” लेक कुजबुजली.

जावयाने जरा छाती पुढे काढली. “बेअरिंग बदललं. सहाला उठून.”

“काय केलंत?”

“ग्रीससुद्धा भरलं.”

“अहो, ती जेवणाची घंटा होती त्यांची! चाकाचा आवाज ऐकून येतात त्या!”

“पण बाबा तर म्हणतात, वेळ बघून येतात.”

“बाबांना तो आवाज ऐकू तरी येतो का? आख्ख्या गावाला माहीत आहे, फक्त त्यांना नाही. सांगायचं कुणी? तुम्ही सांगता?”

जावयाने सासऱ्यांच्या टोपीकडे पाहिलं. मग तो शेडबाहेर पडला, गाडीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, डोळे मिटले आणि तोंडाने म्हणाला :

“कुईंईं.”

“हळू झालं!” लेक फटीतून म्हणाली. “आणि तसं नाही. चढावर दोनदा रडते, मग कर्र करते, मग एकदा लांब रडते.”

“कुईं, कुईं… कर्र… कुईंईंईं!”

दोनवाज्यांना ऐकू काही आलं नाही. दिसलं ते एवढंच, की जावयाचे ओठ चंबूसारखे झालेत, मानेच्या शिरा फुगल्यात आणि डोळ्यांतून पाणी येतंय.

“अगं, जावईबापूंच्या घशात माशी गेली! पाणी आण!”

“माशी नाही बाबा, तुम्ही गाडी ढकला!” लेक ओरडली. “खाली जाऊन परत वर या!”

“का?”

“ढकला म्हणते ना!”

लेकीपुढे कधी कुणाचं चाललंय? दोनवाजे गाडी घेऊन उतरले आणि पुन्हा चढायला लागले. बाजूने जावई, गुडघ्यात वाकलेला, चाकाजवळ तोंड नेलेला, जीव तोडून रडतोय. कर्र आला की थुंकी उडायची. कॅमेरावाल्याने आभाळाकडचा कॅमेरा खाली वळवला. शेडमध्ये अक्कांनी पेन्सिल थांबवली आणि कान टवकारला.

आणि आभाळ हललं.

आधी एक घार कलली. मग तिच्यामागे दुसरी. मग डोंगराच्या पाठीमागून, पलीकडच्या रानातून, कुठून कुठून त्या निघाल्या, आणि बघता बघता टेकडीवर तांबूस पंखांचं छप्पर झालं. दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी वळवत एकेक खाली सुटायची, हवेतला तुकडा पंजात धरायची आणि उडता उडता मान वाकवून खायची. ऊन पिसांतून गाळल्यासारखं खाली पडत होतं. मधोमध टोपी घातलेला एक म्हातारा फावडं चालवत होता, एका लयीत, जसं कुणी आपलंच शेत पेरावं.

दोनवाज्यांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून नऊ मिनिटं. त्यांनी जराही वेळ न घालवता काटे नऊ मिनिटं मागे घेतले.

“घारी कशाला उशिरा येतील,” ते जावयाला म्हणाले. “घड्याळच पळत होतं. तुमची माशी निघाली का?”

जावयाचा आवाज बसला होता. त्याने नुसती मान हलवली.

शेडमध्ये हजेरी चालली होती. “…एकशेपाच, एकशेसहा… ए, तू मघाशी झालीस! परत पहिल्यापासून.” दुसऱ्यांदा अक्का त्र्याण्णवला अडकल्या. तिसऱ्यांदा एक घार फटीसमोरून इतक्या जवळून गेली, की चष्मा नाकावरून वहीत पडला. “या वर्गात एक जण जागेवर बसत नाही!” त्या म्हणाल्या, पण चेहऱ्याचा पालक उतरला होता.

टब रिकामा झाला. पाखरं पांगली. दोनवाजे फटीपाशी आले आणि टोपी काढून उभे राहिले.

“मग अक्का? सही करतेस?”

“मोजणी पुरी झाल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करत नाही. उद्या येते.”

“त्या मोजून होत नाहीत गं. मी बारा वर्षं बघतोय.”

“मग मीही बारा वर्षं येईन. एक्याऐंशीची होईन तेव्हा. डोळे शाबूत आहेत माझे.”

दोनवाज्यांनी टोपी पुन्हा घातली, आणि त्यांना ती सरळ बसवायला बराच वेळ लागला. मग जावयाकडे वळून म्हणाले, “आज गाडी हलकी लागली. शाब्बास.”

ते टब धुवायला झऱ्याकडे निघाल्यावर अक्कांनी जावयाला बोटाने जवळ बोलावलं.

“कानही शाबूत आहेत माझे.”

जावई लाल झाला.

“त्याला कळू द्यायचं नाही. ते बेअरिंग काढून जुनं बसवता येईल?”

“फेकलं मी ते,” जावई घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“मग उद्या जरा दमाने. दोनदा बेसूर झालात.”

खाली उतारावर दोनवाजे चालले होते, पाठ ताठ, गाडी पुढे, पाऊल सावकाश. दोन घारी, पोट न भरलेल्या किंवा नुसत्याच रेंगाळलेल्या, त्यांच्या डोक्यावर तरंगत गेल्या. फटीतून अक्का बघत होत्या, चष्मा हातात. लेक बघत होती. जावई घसा चोळत बघत होता. आंब्याच्या आडोशाला वळेपर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.