शेवटच्या सोळा पानांसाठी इगतपुरी

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या दुकानाचं कुलूप मी तिसऱ्यांदा ओढून बघत होतो आणि गण्या बाइक सुरू ठेवून पेट्रोल जाळत होता.

"पेंटर, कुलूप हाय ते. पळून नाय जायचं," तो म्हणाला.

मी ट्रकवरची नावं आणि दुकानांच्या पाट्या रंगवतो. गण्या शेजारच्या गॅरेजात मेकॅनिक आहे, मूळचा दिंडोरीकडचा. लोक इगतपुरीला धबधबे बघायला जातात. आम्ही निघालो होतो सोळा पानं वाचायला.

झालं असं की वाचनालयातून मी एक पुस्तक आणलं होतं. नाझींच्या छळछावणीतून जिवंत परतलेल्या एका ज्यू माणसाच्या आठवणी, मराठीत. मला एका पानाला तीन मिनिटं लागतात, कारण पाट्यांच्या सवयीने मी प्रत्येक अक्षर नीट बघतो. दुपारी डबा खाताना वाचलेला भाग गण्याला सांगायचो. लेखक तेव्हा सतरा वर्षांचा. एकसष्टाव्या पानावर छावणीच्या फाटकात माणसांच्या दोन रांगा करतात आणि त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या रांगेत जातो. तिथे मी चार दिवस अडकलो. पान उलटवायला हात होईना. पुस्तक परत करायचं ठरवलं, तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: "भाऊ भेटतो. पुढे वाचा." त्याखाली वेगळ्या अक्षरात: "खोटं. नाही भेटत."

वाचनालयाच्या पुस्तकांत असली भांडणं तुम्हीही पाहिली असतील. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहून ठेवणारे महाभाग असतात. पण या भांडणामुळे मी पुढे वाचत गेलो. लेखकाच्या बराकीत एक म्हातारा घड्याळजी होता, तोही कैदीच. लेखक सकाळी उठायला तयार नसे, आणि हजेरीला न उठणारा माणूस तिथे फार दिवस टिकत नसे. मग घड्याळजी रोज कानाशी येऊन सांगायचा, "तुझा भाऊ पलीकडच्या बराकीत आहे. काल मी पाहिला." की हा उठायचा.

गण्याचा घड्याळजीवर पूर्ण विश्वास बसला. भाऊ भेटणार, यावर त्याने एका मिसळीची पैज लावली. मला नेहमी वाईटच होईल असं वाटतं, म्हणून मी दुसऱ्या बाजूने.

आणि एकशे शहात्तराव्या पानानंतर थेट पुठ्ठा. अनुक्रमणिकेत शेवटचं प्रकरण होतं, 'पलीकडची बराक', पान १७७. बांधणी सुटून शेवटची सोळा पानं कधीतरी गळून गेली होती.

"तुझं कायम शेवटचंच राहतं," गण्या म्हणाला.

हे मला लागलं. दहावीच्या शेवटच्या पेपरला मी केंद्राबाहेर बसून हॉल तिकीट, पेन, पट्टी पुन्हापुन्हा तपासत राहिलो आणि फाटक बंद झालं. पुन्हा परीक्षेला बसलो नाही. पुस्तकही आजवर एकही पूर्ण झालेलं नव्हतं. हे तरी व्हायलाच हवं होतं.

वाचनालयातले देवरे काका, पंचवीस वर्षांपासून तिथे पुस्तकं देतात-घेतात, त्यांना विचारलं, शेवटी काय होतं? आपण वाचलेलं नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मात्र चार फोन करून दुसरी प्रत इगतपुरीच्या एका वाचनालयात आहे, एवढं शोधून दिलं. तिथल्या बाईंना मी फोनवर विनंती केली की पानांचे फोटो पाठवा. त्या म्हणाल्या, पुस्तक वाचायचं असेल तर या, शेवट पाठवण्याची सोय आमच्याकडे नाही.

रस्त्याविषयी. द्वारकेहून उड्डाणपुलावर चढलात की मुंबईच्या दिशेला सरळ चालत राहायचं. पंचेचाळीस किलोमीटर, रस्ता उत्तम, दुचाकीला टोल नाही. आम्ही दोनशेचं पेट्रोल टाकलं. जानेवारीत निघणार असाल तर हातमोजे घ्या. विल्होळी गाठेपर्यंत माझी बोटं बधिर झाली होती आणि तिथेच मला आठवेना की दुकानातल्या थिनरच्या डब्याला झाकण लावलं का.

आम्ही परत गेलो. झाकण लावलेलं होतं. गण्या पुढचे दहा किलोमीटर माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा एवढंच म्हणाला की घड्याळजीच्या जागी मी असतो, तर बराकीचं दार तपासण्यातच सकाळ गेली असती. वाडीवऱ्हेच्या पुढे धुकं इतकं होतं की ट्रकचे मागचे दिवे आधी दिसत आणि ट्रक नंतर. घोटीजवळ धुकं निवळेपर्यंत तासभर थांबलो आणि चहा घेतला, दोघांचे तीस रुपये. गण्याने मिसळीकडे बघितलंही नाही. ती फुकटात खायची होती.

वाचनालय रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. वेळ सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ, सोमवारी बंद. आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं आणि सोळा पानं. माझ्या वेगाने अठ्ठेचाळीस मिनिटं लागणार.

त्यात बाईंनी नोंदवही पुढे केली. नाव, गाव, शिक्षण, कारण. शिक्षणापाशी मी थांबलो, मग 'नववी' लिहिलं. कारणात लिहिलं, 'शेवट'. बाईंनी ते वाचलं आणि पुस्तक आणून दिलं.

मी खिडकीजवळ बसलो. अकराला पाच कमी असताना बाई उठून खिडक्या लावू लागल्या. तेव्हा गण्याने असं काही केलं, जे त्याने शाळेतही केलं नसेल. त्याने पुस्तक मागितलं. ट्रॅक्टरच्या इंजिनावरचं. त्या शोधून देईपर्यंत त्याला द्राक्षांच्या औषधफवारणीवरचं हवं झालं. ते मिळालं तर घोड्यांवरचं. बाई शिडीवरूनच म्हणाल्या,

"तुमच्या मित्राची किती पानं राहिलीत?"

गण्याने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. "चार, ताई."

"मग अजून दोन पुस्तकं मागा."

अकरा वाजून बारा मिनिटांनी मी शेवटचं पान वाचलं. गण्या समोर येऊन बसला. "भेटला ना?"

भाऊ भेटला नाही. तो त्या फाटकाच्या पुढे एक दिवसही जगला नव्हता. छावणी सुटल्यावर लेखक पलीकडच्या बराकीत शोधत गेला. ती कोठाराची बराक होती. तिथे माणसं कधी ठेवलेलीच नव्हती. घड्याळजीने ज्याला 'काल पाहिलं', तो मुलगा त्याने कधी पाहिलाच नव्हता. आणि घड्याळजी स्वतः सुटकेच्या आठ दिवस आधी गेला होता, त्यामुळे जाब विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. लेखकाने शेवटी एवढंच लिहिलं होतं की त्या खोटेपणाने मला एकशे चाळीस सकाळी उठवलं, मी त्या मोजल्या आहेत.

मी हे गण्याला हळू आवाजात सांगितलं. त्याने हातातलं घोड्यांचं पुस्तक उलटंपालटं केलं.

"लय भारी खोटं बोलला म्हातारा," तो म्हणाला.

बाईंनी सोळाही पानांचे फोटो काढू दिले. आता तुम्ही शेवट वाचलाय, म्हणाल्या. स्टेशनसमोर वडे खाल्ले, साठ रुपये. परतीच्या वाटेवर गण्या एकदाही हॉर्न न वाजवता नाशिकपर्यंत आला. ज्यांनी त्याची बाइक ऐकली आहे, त्यांना याचा अर्थ कळेल.

पुढचे आठ दिवस दुकान बंद केल्यावर रोज दोन पानं मी हाताने उतरवून काढली, पाटीसाठी वापरतो त्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मग डिंकाने पुस्तकात चिकटवली आणि देवरे काकांना नेऊन दिली. त्यांनी पानं मोजली, खूश झाले, आणि माझ्या कार्डावर लिहिलं, 'वर्गणी भरली'. त्या 'भ'ची गाठ मी ओळखली. अक्षरं बघणं हाच माझा धंदा आहे.

मी एकसष्टावं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

काकांनी चष्मा पुसला. "सगळे याच पानावरून पुस्तक परत आणायचे," ते म्हणाले. "अकरा जणांनी आणलं. मग मी लिहिलं."

"आणि खालचं?"

"ते कुणा प्रामाणिक माणसाचं आहे."

वाचनालयाच्या पुस्तकात मी आजवर टिंबही काढलेलं नाही. पुस्तक एका दिवसासाठी पुन्हा घरी मागितलं. काकांनी कारण विचारलं नाही. आता एकसष्टाव्या पानाच्या समासात एकच ओळ आहे, आणि तिच्याखालचा कागद थोडा जास्त पांढरा दिसतो.

खर्च: पेट्रोल २००, चहा ३०, वडे ६०, कागद आणि डिंक ४५, खोडरबर ५. एकूण ३४० रुपये. येणे: गण्याकडून एक मिसळ. तो म्हणतो, घड्याळजी हरलेला नाही, त्यामुळे तोही हरलेला नाही. मी मागणं सोडून दिलं आहे.