हाराखालचा नट

बाबांच्या जुन्या सायकलचं हँडल वळेना. हँडलखालचा नट गंजून जाम झाला होता. तेल सोडलं, पाना लावला, हातोडी मारली, पण तो ढिम्म हलला नाही. गंजात झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. बाबा गेल्यापासून दादा दर दसऱ्याला ओला हार तिथंच घालतो. हार बाबाही घालायचे, पण आदल्या दिवशी नट उघडून, आतले छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून.

"अगं, एकही दसरा चुकवला नाही मी," नट शेवटचा कधी उघडलास असं विचारल्यावर दादा फोनवर म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. आईच्या पंचाहत्तरीलाही त्यानं हारच आणला होता. पाया पडायला सगळे वाकले, पण तिचे गुडघे आखडलेत याची चौकशी कुणी केली?

मी फोन ठेवला आणि पुन्हा पाना लावला. त्या हारांचे फोटो दर वर्षी मीच काढत होते.