वास्तुपुरुषाला इंग्रजी येत नाही

आर्वीच्या एसटी डेपोसमोर मनकर्णाबाईंची खाणावळ होती आणि त्या खाणावळीत काहीही संपत नसे. म्हणजे भात संपे, भाजी संपे, कधीकधी तेलाचा डबाही कोरडा पडे. पण 'संपलं' हा शब्द तोंडातून काढायची कोणाला मुभा नव्हती. घराचा वास्तुपुरुष कान देऊन बसलेला असतो आणि आपण जे बोलू त्याला 'तथास्तु' म्हणून मोकळा होतो, असं बाईंना त्यांच्या आईनं लहानपणीच बजावलं होतं.

यावर आपल्या बायकांकडे जुना तोडगा आहे. संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. घरात हे खपून जातं. खाणावळीत मात्र भलतीच पंचाईत होते. चौऱ्याहत्तर साली बंडूजी नावाचा नवा कंडक्टर जेवायला लागला. पहिल्याच दिवशी त्यानं भात मागितला.

"भात वाढला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

बंडूजीनं ताटात पाहिलं. ताट रिकामं. "कुठं वाढला?"

"वाढला म्हटलं नं बाप्पा!"

आपला भात चुकून शेजाऱ्याच्या ताटात गेला, अशी बंडूजीची समजूत झाली आणि त्यानं शेजारच्या ड्रायव्हरशी भांडण काढलं. भुकेला माणूस आणि त्यात कंडक्टर. आवाज पार डेपोपर्यंत गेला. शेवटी रोजच्या पंगतीतले प्रभाकरराव मास्तर मध्ये पडले. हे शाळेत इंग्रजी शिकवत.

"बाई, तुम्ही फिनिश म्हणत जा," ते म्हणाले. "वास्तुपुरुषाले कुठं इंग्रजी येते?"

मास्तरांनी थट्टा केली होती. बाईंना थट्टा कळत नसे. "नाई येत?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

"कोणत्या शाळेत गेलता तो?"

बाईंना हे एकदम पटलं. त्या दिवसापासून मास्तरांच्या मागे लागून त्यांनी शेवटाचे जेवढे म्हणून इंग्रजी शब्द होते तेवढे गोळा केले आणि डब्यांत डाळी भरून ठेवाव्यात तसे वेगवेगळे ठेवले. मास्तर सांगून थकले की बाई, हे सगळे शब्द जवळपास एकच. पण ऐकतं कोण? पातेल्याच्या बुडाला झारा खरखरला की 'फिनिश'. म्हणजे पुढं काही मिळायचं नाही, पाणी प्या अन् उठा. रात्री दार लावलं की 'क्लोज'. 'ओव्हर' हा बाईंच्या लेखी भांडणाचा शब्द. ज्याच्याशी तो झाला त्याला परत पंगतीत जागा नाही. 'एंड' फक्त सिनेमाचा, कारण त्यानंतर दिवे लागतात आणि लोक घरी जातात. आणि सगळ्यांत मानाचा शब्द 'कम्प्लिट'. पापड वाळून डब्यात गेले, शेजारच्या पोरीचे नऊ महिने सुखरूप भरले, की बाई तृप्त आवाजात म्हणत, "कम्प्लिट झालं."

दोनेक वर्षं अशी मजेत गेली. मग बाईंचे यजमान रूपराव खोकू लागले. रूपराव म्हणजे खाणावळीचा सगळा बाजारहाट करणारे, बाईंच्या निम्म्याही आवाजात न बोलणारे. एकदा खोकल्याबरोबर रक्त पडलं आणि वर्ध्याच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. दीड वर्ष औषध, एक दिवसही खाडा नको. काही जेवणारे हळूच दुसरीकडे गेले. मास्तर आणि बंडूजी राहिले. बाईंनी नवऱ्याची भांडी वेगळी केली, मागची खोली उघडून दिली, सुया टोचून घेताना कुरकुरणाऱ्या नवऱ्याला दटावलं, आणि डोळ्याला पदर म्हणून लावला नाही. जिजाबाई शेजारीण तर म्हणायची, "काळजानं दगडाची आहे बाप्पा ही बाई!"

दीड वर्ष झालं. दोघं वर्ध्याला गेले. छातीचा नवा फोटो काढला. तरुण डॉक्टरांनी तो उजेडात धरला, हसले आणि म्हणाले, "चला रूपराव, फिनिश!"

मनकर्णाबाईंच्या कानात झारा खरखरला. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"काईच उपाय नाई का साहेब?"

"आता उपाय कशाला? ट्रीटमेंट ओव्हर."

बाईंनी टेबल घट्ट धरलं. बाईंचा चेहरा का उतरला हे डॉक्टरांना समजेना. ते बिचारे आणखी सोपं करून सांगू लागले. "घाबरू नका हो. केस क्लोज केली मी. दि एंड!"

एंड म्हटल्यावर बाईंनी डोळे मिटून मान खाली घातली. रूपराव मात्र खिडकीबाहेर कोणाची तरी बैलजोडी निरखत होते.

"आई, कोर्स कम्प्लिट झाला त्यांचा!" डॉक्टर शेवटी जवळजवळ ओरडलेच. "बरे झाले ते!"

बाईंनी मान वर केली. "काय झाला?"

"कम्प्लिट."

"मग हे पह्यलेच सांगायले काय झालतं?" बाई कडाडल्या. "जीव घेता का माणसाचा!"

संध्याकाळच्या गाडीनं दोघं आर्वीला परतले. रूपराव ओट्यावर टेकले. बाई आत जाऊन चुलीसमोर उभ्या राहिल्या. एवढी मोठी गोष्ट घराला सांगायची होती, तिच्यावर तथास्तु घ्यायचं होतं. पण सांगायची कशी? दुखणं वाढलं म्हणावं, तर अर्थाचा अनर्थ. इंग्रजीत सांगावं, तर वास्तुपुरुष अडाणी. बाईंनी एकदा आढ्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा खणखणीत मराठीत ओरडल्या, "संपलं! संपलं वो, संपलं!"

भिंतीपलीकडे जिजाबाईनं ते ऐकलं. सकाळी नवरा-बायको वर्ध्याला गेल्याचं तिला माहीत होतं. मनकर्णाबाईंच्या तोंडून 'संपलं' म्हणजे आणखी काय असणार? तिनं हंबरडाच फोडला आणि मागच्या बोळातून डेपोकडे धावत सुटली. डेपोतून बंडूजी आला, वाटेत मास्तर भेटले, आणि तिघंही ओट्याशी येऊन थबकले. ओट्यावर रूपराव बशीत चहा ओतून पीत होते.

"या," ते म्हणाले. "कोन गेलं?"

जिजाबाई तरातरा आत गेली. मनकर्णाबाई चुलीपाशी जमिनीवर बसून ढसाढसा रडत होत्या, लहान पोरीसारख्या, नाक पुसायचंही भान नव्हतं.

"अवं माय, तो तर बरा आहे," जिजाबाई गोंधळून म्हणाली. "मंग तू काऊन रडून राह्यली?"

"रडू दे वं," मनकर्णाबाई हुंदक्यातून म्हणाल्या. "दीड वर्षाचं तुंबलं आहे."