तिसऱ्या पर्वापासून बघा

नौकाताई पडल्या त्या स्वतःच्याच बाथरूममध्ये. ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की इतक्यात जिन्याचं नाव काढायचं नाही. घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दोन माणसांनी खुर्चीत बसवून वर चढवलं, खुर्ची दारातून आडवीतिडवी आत घेतली आणि दार लावून घेतलं. आता खाली जाणं आपल्या हातात राहिलेलं नाही, हे त्यांना त्या दार लावण्याच्या आवाजानं कळलं.

नौकाताई हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. त्या डबिंग करायच्या. दुसऱ्या भाषेत तयार होणारी एक विज्ञानकथेची मालिका वर्षानुवर्षं आपल्याकडे दाखवत होते. एक अवाढव्य अंतराळनौका दूरच्या ग्रहाकडे निघालेली आहे, आणि तिच्यातली माणसं तिच्यातच जन्मतात, तिच्यातच म्हातारी होतात. ग्रह कुणालाच दिसणार नाही. त्या नौकेचा आवाज म्हणजे नौकाताई.

गंमत अशी की त्यांनी ती मालिका कधी पाहिलीच नव्हती. बाकीच्या कलाकारांना पडद्यावरच्या माणसाच्या ओठांबरोबर बोलावं लागतं. नौकेला ओठच नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी पडदा लावत नसे. भिंतींना फोम चिकटवलेली कोंदट खोली, कानाला हेडफोन, समोर स्टँडवर कागद. कागदावर फक्त त्यांची वाक्यं, एकाखाली एक. ‘दार बंद होत आहे.’ ‘हवेचा दाब कमी आहे.’ ‘विनंती नामंजूर.’ विनंती कुणाची, दार कुठलं, हे त्यावर नसायचं. सगळी वाक्यं एका दमात बोलून त्या घरी यायच्या, आणि घरी आल्यावर पुन्हा त्याच कामाचं तोंड बघायची हौस कुणाला असते?

सुरुवातीलाच दिग्दर्शकसाहेबांनी सांगितलं होतं, आवाजातून माणूस काढून टाका. त्यांनी तो इतका मन लावून काढला की पुढे घरीसुद्धा तो परत येईना. आई गेली तेव्हा नातेवाइकांना फोन त्यांनीच केले. मामेभाऊ ऐकून घेऊन म्हणाला की अगं, गाडी उशिरानं येतेय असं सांगितल्यासारखं काय सांगतेस.

घरात त्यांच्याबरोबर त्यांची वहिनी असायची. भाऊ वारल्यापासून दोघीच. वहिनींना कमी ऐकू येई, आणि कानाचं मशीन त्या कपाटात जपून ठेवत, झिजेल म्हणून. ज्या आवाजावर एवढे लोक फिदा, तो घरातल्या एकुलत्या एका माणसापर्यंत पोचत नव्हता. नौकाताई पलंगावरून पाणी मागत आणि वहिनी चादर आणून देत.

एक फिजिओथेरपिस्ट एक दिवसाआड व्यायाम घ्यायला येऊ लागला. धिप्पाड, नुकतंच लग्न झालेला, जिने चढून घामाघूम होणारा. पहिल्याच दिवशी त्यानं पाय उचलला तशी नौकाताईंच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. त्या म्हणाल्या, “थांबा. दाब जास्त होत आहे.” त्यानं पाय हवेतच धरून ठेवला आणि त्यांच्याकडे बघतच राहिला. मग हळूच विचारलं की मावशी, तुम्ही त्याच का.

त्या दिवशी व्यायाम निम्माच झाला. लहानपणापासून तो ही मालिका बघत आला होता. आता बायकोलाही बघायला लावायची होती, पण ती म्हणत होती की एवढ्या पसाऱ्यात शिरायचं तरी कुठून. पहिलं पर्व रटाळ, त्यात माणूस कंटाळून पळतो. मधूनच सुरू केलं तर कोण कुणाचा कोण, काही कळत नाही. “तुमच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार?” तो म्हणाला. “कुठून सुरुवात करू तिची?”

नौकाताईंनी खरं काय ते सांगितलं. त्याचा विश्वास बसायला वेळ लागला. मग त्यानं त्यांचा पाय अलगद खाली ठेवला आणि आपणच शिक्षक झाला. पहिली दोन पर्वं सोडून द्या, म्हणाला. पुठ्ठ्याची यंत्रं, झोपाळू गोष्ट. तिसऱ्या पर्वापासून बघा. तिथून गोष्ट पकड घेते, आणि तिथूनच तुमचा आवाज आहे. जाताना त्यानं टीव्हीवर सगळं जुळवून दिलं.

इकडे स्टुडिओचं काम खोळंबलं होतं. चालू पर्व अर्धं झालं होतं आणि नौका अशी मधेच बदलता येत नाही. साहेबांनी फुलं पाठवली, आणि फुलांपाठोपाठ मायक्रोफोन घेऊन माणूस. त्यानं घरभर टाळ्या वाजवत आवाज घुमतो कुठे ते पाहिलं आणि शेवटी कपड्यांचं कपाट पसंत केलं. खालचा कप्पा काढून आत खुर्ची बसवली, दारांवर गोधडी टाकली. नौकाताई वॉकर धरून कपाटात जाऊन बसायच्या. मानेला हँगरवरचे कोट लागायचे, डांबरगोळ्यांच्या वासानं घसा धरायचा. बाहेरून वहिनी गोधडी सारखी करायच्या, फट राहिली तर काम वाया जातं म्हणून. आत अंधारात एक छोटा दिवा, आणि कानात साहेबांचा आवाज: “सपाट. अजून सपाट.”

दुपारी मग दोघी तिसरं पर्व बघायला बसायच्या. पहिले काही भाग नौकाताईंनी कसेबसे काढले. स्वतःचा आवाज असा बाहेरून येताना ऐकला की त्यांना कसंतरीच व्हायचं. वहिनींनी मात्र मशीन बाहेर काढलं होतं आणि आवाज पार वर केला होता. त्यांना गोष्ट लागली होती.

एका भागात नौकेच्या एका बाजूला आग लागते. एक बाई धावत येते, तिचं मूल बंद दाराच्या पलीकडे आहे. ती दोन्ही हातांनी दार बडवते, विनवण्या करते. छतातून आवाज येतो, ‘विनंती नामंजूर. कृपया मागे व्हा.’

नौकाताईंना ते वाक्य आठवत होतं. तेव्हा पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं ते. साहेबांना त्यात दुःख ऐकू येत होतं. नौकाताईंना वाटलं होतं, आज आपण दमलो असू म्हणून येत असेल. आता समोर ती बाई भिंतीशी खाली बसली होती आणि त्यांचाच आवाज तिला पुन्हा तेच सांगत होता.

वहिनी वळल्या. “ती बिचारी दार ठोकतेय आणि तू हे काय बोलतेस गं?”

“मला माहीत नव्हतं, ती तिथं आहे.”

“मग विचारायचं नाही का?”

नौकाताईंनी टीव्ही बंद केला. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, तिच्याकडे बघत बसल्या. इतकी वर्षं रेकॉर्डिंगच्या त्या खोलीत आपण एकट्या होतो असं त्या धरून चालल्या होत्या.

पुढच्या खेपेला त्यांनी फिजिओथेरपिस्टला सांगितलं की मला पहिलं पर्व लावून दे. तो हसला. मावशी, ते कुणी बघत नाही हो, त्यात नौकेचा आवाजसुद्धा कच्चा आहे. त्या हट्टाला पेटल्या तेव्हा त्यानं लावून दिलं.

गोष्ट खरंच हळू होती आणि यंत्रं खरंच पुठ्ठ्याची. पण नौका बोलली आणि नौकाताई उशीवरून उठून बसल्या. एक म्हातारा खलाशी बाहेर जाऊन आपल्या मेलेल्या मित्राला एकदा बघायची परवानगी मागत होता. नौका म्हणाली, ‘विनंती...’ आणि थांबली. श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू आला. मग म्हणाली, ‘नामंजूर.’ शब्द तेच होते. पण ह्या नौकेला नाही म्हणणं जड जात होतं.

त्या आवाजाच्या बाईंना नौकाताई एकदाच भेटल्या होत्या, काम हाती घेतलं त्या दिवशी. पिकलेले केस, हातात चष्म्याचं घर. त्या बाई साउंडवाल्याशी वाद घालत होत्या की मला चित्र लावून द्या, समोर कोण आहे ते दिसल्याशिवाय मी बोलणार नाही. तो म्हणत होता की नौकेला ओठ नाहीत, चित्र कशाला, वेळ जातो. नौकाताई तेव्हा तरुण होत्या, काम मिळाल्याच्या आनंदात होत्या. त्यांना वाटलं, बाई कटकट्या आहेत, म्हणूनच काढताहेत.

त्यांनी फिजिओथेरपिस्टला सांगितलं, बायकोला पहिल्यापासून दाखव. त्यानं खूप वाद घातला. नव्या माणसाला आधी गोडी लागली पाहिजे, मागचं नंतर बघता येतं, सगळे असंच सांगतात. नौकाताईंचं म्हणणं एवढंच की तिसऱ्यापासून बघणाऱ्याला वाटतं, नौका पहिल्यापासून अशीच होती. पण बायकोला त्यानं तिसऱ्यापासूनच सुरू केलं. चौथ्या भागात ती झोपली, असं त्यानंच पुढे कबूल केलं.

पुढच्या रेकॉर्डिंगला कागदावर एक ‘विनंती नामंजूर’ होतं. कपाटात बसून नौकाताईंनी ‘विनंती’ म्हटलं, थांबल्या, आणि मग ‘नामंजूर’ म्हटलं. साहेब म्हणाले, पुन्हा. त्या पुन्हा थांबल्या. साहेबांनी समजुतीनं घेतलं, औषधांमुळे होत असेल म्हणाले. त्या तिसऱ्यांदाही थांबल्या.

“नौकेला श्वास नसतो, ताई.”

“समोर कोण आहे?”

“म्हणजे?”

“विनंती कुणी केलीय? मला चित्र पाठवा.”

मग साहेब शांतपणे म्हणाले की राहू दे, थांबलेली जागा आम्ही इथं कापून टाकू. आणि त्यांनी ती कापली. तो भाग लागला तेव्हा नौकाताईंनी कान देऊन ऐकलं. दोन शब्द एकमेकांना घट्ट चिकटवलेले होते, मधे सुई जायला जागा नव्हती. त्यांनी फोन करून सांगितलं की पुढच्या पर्वाला मी नाही. साहेब म्हणाले, जशी मर्जी, पण हे पर्व संपेपर्यंत करारानं बांधलेल्या आहात. म्हणून मग त्या कपाटात जात राहिल्या, थांबत राहिल्या, आणि तिकडे ते कापत राहिले.

पर्व संपल्यावर स्टुडिओनं एक मुलगी पाठवली, नवी नौका. आवाज कसा काढायचा ते शिकवा, असा निरोप होता. मुलगी धीट होती. आल्या आल्या म्हणाली, “खरं सांगू का? मी ही मालिका कधी पाहिलीच नाही. सगळे म्हणतात तिसऱ्यापासून बघ.”

“पहिल्यापासून बघ,” नौकाताई म्हणाल्या.

तिला तेवढा वेळ नव्हता, रेकॉर्डिंग तोंडावर आलं होतं. मग त्यांनी तिला म्हाताऱ्या खलाशाचा तेवढा भाग दाखवला. वहिनी शेजारी बसून कोण कुणाचा कोण ते मोठ्यानं सांगत होत्या. मुलीनं ती जागा परत लावायला लावली. ह्या बाई मधेच का थांबल्या, तिनं विचारलं.

“त्यांना तो दिसत होता. तू पण चित्र लावून माग.”

“देतील?”

“बहुतेक नाही. तरी माग.”

मुलीनं मागितलं. पहिल्या दिवशी त्यांनी लावलं, दुसऱ्या दिवशी वेळ जातो म्हणून बंद केलं. तिनं तिसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं, असं तिनं फोनवर सांगितलं. पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही.

नौकाताई आता वॉकरशिवाय दारापर्यंत जातात. दार उघडतात, कठड्याला हात लावून जिन्यात वाकून बघतात आणि परत फिरतात. फिजिओथेरपिस्ट म्हणतो, घाई नको. कपाटात पुन्हा कपडे लागले आहेत. दुपारी दोघी दुसरं पर्व बघतात. त्याचा शेवटचा भाग तेवढा राहिला आहे, आणि तो नौकाताई लावू देत नाहीत. वहिनी कुरकुरतात, खलाशाच्या नातीचं काय झालं ते कळायला नको का? नौकाताई म्हणतात, उद्या बघू. त्या भागानंतर तिसरं पर्व सुरू होतं.